कोकणच्या वाटा आणि सरकारी तिजोरी

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात सभासद-कुटुंबांसमोर केलेले भाषण)



चिटणिसांनी मला बोलण्याचे निमंत्रण दिले, तेव्हा विषय कोणता घेऊ असे मी त्यांना विचारले. "तुम्हांला ठाऊक असेल तो घ्या," एवढेच ते म्हणाले. माझा सारा जन्म दुसऱ्यांचे जमाखर्च तपासण्यात गेला. त्यामुळे विद्वत्तेचा विषय माझ्या आवाक्याबाहेरचा. परंतु मुंबईहून आपल्या गावी जाण्यायेण्याच्या वाटांचा जमाखर्च मात्र मी गेली साठ-पासष्ट वर्षे मनाशी मांडीत आलो आहे. या वाटांवर सरकारने किती खर्च केला, कोणासाठी केला आणि त्याची भरपाई कोणाकडून करून घेतली, हा तो हिशेब. तो आज आपल्यापुढे ठेवतो. चूक आढळल्यास माझ्या पदरात घालावी.

माझे बालपण राजापूर तालुक्यात, मुसाकाजी बंदरापासून दोन कोसांवरच्या एका वाडीत गेले. वडील मुंबईस गिरणीत कारकून होते. वर्षातून एकदा, बहुधा मे महिन्यात, ते बोटीने घरी येत. आगबोट धक्क्याला लागत नसे. तसा धक्काच नव्हता. ती खोल पाण्यात उभी राही आणि पडाव तिच्याजवळ जात. उतरणाऱ्या माणसाने शिडीच्या शेवटच्या पायरीवर उभे राहून लाटेचा अंदाज घ्यावयाचा आणि पडाव वर आला की त्यात उडी टाकावयाची. पोरे, बोचकी व ट्रंका खलाशी झेलीत. आज या गोष्टीचे आपण कौतुकाने वर्णन करतो. त्या वेळी बायकांच्या तोंडचे पाणी पळत असे. मे-अखेर समुद्र खवळला की आगबोटी बंद होत, आणि पावसाळा सरत येईपर्यंत कोकण व मुंबई यांच्यामध्ये जणू दुसरा एक सह्याद्रीच उभा राही. पावसाळ्यात समुद्रावर विसंबणे म्हणजे काय, हे १७ जुलै १९४७ रोजी साऱ्यांना कळले होते. त्या दिवशी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काश्याच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसे बुडाली. ज्या घरांतील माणसे गेली, त्या घरांत पुढे कित्येक वर्षे बोटीचे नाव काढीत नसत.

१९५७ च्या जुलै महिन्यात माझी आजी अंथरुणाला खिळली. राजापूरच्या पोस्टातून वडिलांना तार गेली. बोट बंद. वडील आगगाडीने पुणे-मिरजमार्गे कोल्हापूरला आले, तेथून एस. टी. ने आंबा घाट उतरले. घाटात दरड आलेली. खाली आले तो वाटेतल्या नदीला पूर. तरीवाला होडी सोडीना. दोन रात्री त्यांनी एका दुकानाच्या पडवीत काढल्या आणि पाचव्या दिवशी घरी पोहोचले. आजीचे सारे चुलत्यांनी उरकले होते. वडील ओटीवर बसले, पाय धुतले, आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, की तार किती वाजता लावली होती? मी तेव्हा लहान होतो. मला तो प्रश्न फार कोरडा वाटला. पुष्कळ वर्षांनी माझ्या ध्यानात आले, की ते वाटेचा हिशेब करीत होते. किती तास तारेने घेतले, किती गाडीने, किती घाटाने आणि किती नदीने. आपल्यापैकी किती घरांत असा हिशेब झाला असेल!

आता तिजोरीकडे वळू.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी ३४ किलोमीटरांची पहिली गाडी धावली, हे शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. मात्र त्या रेल्वेचा पैसा कसा उभा राहिला, हे शाळेत फारसे सांगत नाहीत. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीचे भांडवल विलायतेतले. पण त्या भांडवलावर सालीना पाच टक्क्यांची हमी सरकारने दिलेली. कंपनीला नफा कमी पडला, तर तूट येथल्या महसुलातून भरून द्यावयाची. म्हणजे फायदा झाला तर भागीदारांचा आणि तोटा झाला तर रयतेचा. १८६३ साली ही रेल्वे बोरघाट चढून गेली, कारण घाटावर कापूस होता आणि लँकेशायरच्या गिरण्यांना तो हवा होता. पुढे १८८० नंतरच्या दशकात दक्षिणेकडची एक लोहवाट घाट उतरून पोर्तुगीजांच्या मार्मागोवा बंदराला मिळाली, तीही मालासाठीच. रत्नागिरीच्या वाट्याला मात्र काही आले नाही. आपल्याकडे वाघिणी भरून न्यावे असे होते काय? नाचणी घरी खावयास पुरत नव्हती. आपल्याकडून नेण्याजोगा माल एकच होता आणि तो म्हणजे माणूस; तो बोटीच्या डेकवर बसून आपल्याच खर्चाने मुंबईस जात होता. त्याच्यासाठी लोहमार्ग घालण्याची गरज कोणाला वाटावी? तरीही कोकणच्या खोताने आणि कुळाने भरलेला शेतसारा त्याच महसुलात जमा होत होता, ज्यातून घाटावरच्या रेल्वेची हमी भागविली जात होती. जमाखर्चाच्या भाषेत बोलावयाचे, तर पहिली वर्गणी आपण आपल्या दारी न आलेल्या रेल्वेसाठी भरली.

स्वराज्य आल्यानंतर हा प्रश्न कोणी मांडलाच नाही, असे मात्र नव्हे. कोकण रेल्वेचा ध्यास घेतलेले कै. अ. ब. वालावलकर यांचे नाव आज तरुणांना ठाऊक नसते, याचा मला विषाद वाटतो. बॅ. नाथ पै यांनी राजापूरचे प्रतिनिधी म्हणून लोकसभेत कोकणची गाऱ्हाणी मांडली, आणि १९७१ साली त्यांच्या निधनानंतर तीच जागा कै. मधु दंडवते यांच्याकडे आली. ते १९७७ ते १९७९ या काळात रेल्वेमंत्री होते. साध्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी आली ती त्यांच्या कारकीर्दीत. रात्रीच्या प्रवासात पाठ टेकताना आपण त्यांची आठवण करावी. लोहमार्ग मात्र मुंगीच्या पावलांनी सरकत होता. पनवेलवरून तो रोह्यास आला १९८६ साली. रोह्याच्या पुढे डोंगर होता, आणि डोंगरापेक्षा मोठा अडसर म्हणजे नियोजनातला तो नेहमीचा शेरा, की या मार्गावर उत्पन्न होणार नाही.

१९८९ च्या अखेरीस केंद्रात सत्तांतर झाले. रेल्वेमंत्री कै. जॉर्ज फर्नांडिस आणि अर्थमंत्री दंडवते, असा योग जुळून आला. रेल्वेच्या नित्याच्या अंदाजपत्रकातून एवढी रक्कम निघणे शक्य नाही हे दोघेही जाणून होते, म्हणून निराळी वाट काढण्यात आली. १९ जुलै १९९० रोजी कोकण रेल्वे महामंडळ ही स्वतंत्र कंपनी स्थापन झाली. भांडवलात केंद्राचा हिस्सा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५ आणि गोवा व केरळ यांचे प्रत्येकी ६. उरलेला बहुतेक पैसा बाजारात रोखे विकून, म्हणजे कर्जाने, उभा करावयाचा आणि रेल्वेने आपल्या कमाईतून तो फेडावयाचा. श्री. ई. श्रीधरन् यांच्याकडे सूत्रे दिली गेली. रोह्यापासून मंगळूरनजीकच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटर मार्ग, नव्वदांहून अधिक बोगदे आणि लहानमोठे सुमारे दोन हजार पूल, हे काम जेमतेम साडेसात वर्षांत उरकले आणि २६ जानेवारी १९९८ रोजी मार्ग आरपार खुला झाला. खर्च सुमारे साडेतीन हजार कोटी रुपये. रत्नागिरीजवळचा पानवलचा पूल ६४ मीटर उंच आहे, आणि करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटर लांब. त्या बोगद्यातून प्रथम गेलो तेव्हा शेजारच्या बाकावरची एक म्हातारी तो संपेपर्यंत हात जोडून बसली होती. मी हात जोडले नाहीत, पण मनातून जोडलेच.

दैवाचा खेळ असा, की ज्यांच्यासाठी ही रेल्वे मागितली होती, त्यांची मुंबई तोवर निराळी झाली होती. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि गिरणगाव त्यातून पुन्हा सावरले नाही. गिरणीचा भोंगा बंद पडला आणि मग कोकणात इंजिनाची शिट्टी वाजली. मनीऑर्डरीवर चूल पेटणाऱ्या घरांना, मनीऑर्डर थांबल्यावर गाडी मिळाली.

येथवर झाला गौरव. आता खर्चाच्या बाजूकडे पाहावयाचे, कारण तेथेच मला थोडे बोलावयाचे आहे.

कर्जाने बांधलेल्या रेल्वेला कर्ज फेडावे लागते. व्याजाचा बोजा एवढा झाला, की पुढे केंद्राला या महामंडळाच्या भांडवलाची फेररचना करावी लागली. आणि प्रवाशांपुरते पाहिले, तर या मार्गावर भाडे आकारताना प्रत्यक्ष अंतर चाळीस टक्के वाढवून धरण्याची प्रथा घालण्यात आली. प्रवास शंभर किलोमीटरचा, भाडे एकशेचाळीसचे. घाटावरच्या प्रवाशाला त्याच्या लोहमार्गाचा खर्च असा कधी डोक्यावर घ्यावा लागला नाही. त्याच्या रेल्वेला सरकारी हमी होती. उलट ज्या प्रदेशाने दीडशे वर्षे वाट पाहिली, त्याला सांगण्यात आले की तुझी रेल्वे तूच फेड. ही आपली दुसरी वर्गणी.

यावर एक उत्तर दिले जाते आणि ते फेटाळण्याजोगे नाही. श्रीधरन् आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्ज काढून काम केले नसते, तर नित्याच्या पद्धतीने ही रेल्वे आणखी पंचवीस वर्षे झाली नसती. कर्जाला मुदत असते, व्याज दर दिवशी चढते, म्हणून काम वेगाने होते. हिशेबनीस म्हणून हे मला मान्य आहे. माझे म्हणणे निराळे आहे. या मार्गाचा सर्वांत मोठा लाभ कोणाला झाला? मुंबई–मंगळूर हे रेल्वेचे अंतर या मार्गामुळे अकराशेहून अधिक किलोमीटरनी घटले. केरळ व कर्नाटक यांची उत्तरेशी जोडणी झाली. हा लाभ साऱ्या देशाचा आहे आणि मला त्याचा आनंद आहे. परंतु लाभ देशाचा असेल, तर वाढीव भाड्याचा भार एका चिंचोळ्या किनारपट्टीने का सोसावा?

लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी हा मार्ग आखला गेला, याची खूण त्याच्या रचनेतच आहे. चढ दीडशेस एकाहून अधिक नको, वळणाची त्रिज्या साडेबाराशे मीटरांहून कमी नको, म्हणजे वेगवान गाड्या सुखाने धावतील, हे आखणीचे सूत्र होते. सूत्र उत्तमच. पण कोकणातली जुनी गावे वसली ती खाडीच्या मुखाशी, बंदराच्या आश्रयाने. सरळ धावणारी रेल्वे त्यांच्याकडे वळणार कशी? म्हणून दापोली, गुहागर, देवगड, मालवण, वेंगुर्ले ही नावे स्थानकांच्या यादीत नाहीत, आणि काही स्थानकांच्या नावाला 'रोड' हे शेपूट जोडावे लागले. राजापूर रोड हे स्थानक राजापूर शहरापासून कित्येक मैल दूर आहे. सावंतवाडी रोडची गोष्टही फारशी वेगळी नाही. 'रोड' याचा अर्थ इतकाच, की येथून गावाकडे रस्ता जातो. त्या रस्त्यावर वाहन आहे की नाही, हे त्या शब्दात येत नाही.

गेल्या मे महिन्यात मी व माझी पत्नी एका लग्नासाठी गेलो आणि एका लहान स्थानकावर उतरलो. उतरलो म्हणजे काय, आमचा डबा फलाटाच्या पुढे थांबला होता. दोन तरुणांनी आधी आमची पेटी घेतली, मग आम्हां दोघांना हात धरून खडीवर उतरविले. मला एकदम मुसाकाजीचा पडाव आठवला. सत्तर वर्षांत साडेतीन हजार कोटींची रेल्वे आली, आणि आम्ही अजून उड्याच टाकीत आहो! स्थानकाबाहेर गावाकडे जाणारी शेवटची एस. टी. निघून गेलेली. रिक्षावाल्याने जे भाडे सांगितले, ते आम्हां दोघांच्या मुंबईपासूनच्या तिकिटाहून अधिक होते. तो लबाड होता असे मी म्हणत नाही. परत येताना त्याला रिकामे यावयाचे होते.

मोठे पूल आणि मोठे बोगदे यांवर पैसा खर्च होतो, कारण त्यांचे उद्घाटन करता येते. फलाट शंभर फुटांनी वाढविणे, त्यावर छप्पर घालणे, गाडीच्या वेळेला एक एस. टी. उभी ठेवणे, यांचे उद्घाटन कोण करणार? जी गोष्ट फलाटाची, तीच रक्षणाची. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ रुळांवर दरड कोसळून गाडी घसरली, पन्नासांच्या आसपास प्रवासी दगावले. वर्ष होण्याच्या आत, १६ जून २००४ रोजी, करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेसला तसाच अपघात झाला. तेव्हा कोठे डोंगरकापाच्या उतारांवर, जाळ्यांवर, गस्तीवर पुरेसा पैसा लागू लागला, आणि पावसाळ्यापुरता गाड्यांचा वेग उतरवून वेगळे वेळापत्रक लावण्याचा शिरस्ता पडला. कोकणातली लाल माती पाणी पिऊन फुगते आणि वरचा जांभा तिच्यासकट खाली येतो, हे पावसाळ्यात पायवाटेने शाळेत गेलेल्या कोणत्याही मुलाने सांगितले असते.

आता गणपतीच्या गाड्यांविषयी. हा विषय निघाला की सभागृहात चुळबुळ सुरू होते, म्हणून मी तो मुद्दाम मागे ठेवला होता.

दरवर्षी आपली संस्था जादा गाड्यांसाठी अर्ज करते. इतर संस्थाही करतात. जादा गाड्या सुटतात, आरक्षण उघडताच काही मिनिटांत संपते (पूर्वी ते चार महिने आधी उघडत असे, नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी), आणि मग त्या गाड्या पाच-पाच, सहा-सहा तास उशिराने पोहोचतात. उशीर का होतो? हा मार्ग बव्हंशी एकेरी आहे. समोरून गाडी येत असेल, तर एकीने स्थानकात बाजूला उभे राहावे लागते. गाड्या जितक्या अधिक, तितके हे थांबणे अधिक. आधीच भरलेल्या आळीत आणखी बैलगाड्या लोटल्यासारखे ते होते. दुहेरीकरण झाले ते रोहा ते वीर एवढेच, सुमारे ४७ किलोमीटर, २०२१ साली. सर्व मार्गावर विजेची गाडी धावू लागली, त्याचे लोकार्पण जून २०२२ मध्ये झाले. जून २०२३ मध्ये मुंबई–मडगाव वंदे भारत सुरू झाली. या दोन्ही गोष्टी चांगल्या, पण विजेने किंवा वेगवान डब्याने एकेरी मार्ग दुहेरी होत नाही. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे, की आपण दरवर्षी जो अर्ज करतो, त्यात 'जादा गाड्या द्या' या वाक्याच्या आधी 'दुसरा मार्ग घाला' हे वाक्य लिहिले पाहिजे. ते लिहीत नाही, तोवर आपण आपल्याच गाडीला उशीर मागून घेत आहो.

गतवर्षीची एक गोष्ट मोठी बोलकी आहे. १९९९ पासून या मार्गावर मालमोटारी रेल्वेच्या वाघिणीवर चढवून नेण्याची सोय आहे, आणि ती खरोखर नामी आहे. २०२५ च्या गणेशोत्सवात तीच सोय खासगी मोटारींसाठी जाहीर झाली. प्रथम ठरले ते असे, की मोटार कोलाडला चढवावयाची आणि उतरवावयाची ती गोव्यात, वेर्ण्याला! गणपती गोव्याच्या अलीकडे बसतो, हे कोणाच्या ध्यानातच आले नसावे. मागणी झाली तेव्हा नांदगाव रोडला उतरण्याची सोय झाली, परंतु प्रतिसाद बेताचाच मिळाला. जे आपल्यावरून जाते, ते आपल्यासाठीच आहे असे समजण्याची चूक आपण करू नये.

रेल्वेचे महामंडळ भारतीय रेल्वेत विलीन करण्यास महाराष्ट्र शासनाने मे २०२५ मध्ये संमती कळविली. 'कोकण रेल्वे' हे नाव कायम राहावे अशी अट घातली. नावाचा अभिमान मलाही आहे. परंतु विलीनीकरणाच्या कागदावर वाढीव अंतराचे भाडे, दुसरा मार्ग आणि स्थानकांची उंची यांविषयी काय लिहिले जाते, याकडे आपल्या तरुण वकील मंडळींनी डोळे लावून बसले पाहिजे. नाव राहिले आणि एकशेचाळीस टक्केही राहिले, तर काय मिळविले?

रस्त्याविषयी थोडक्यात बोलतो. तो विषय आपण सर्वांनी पाठीच्या कण्याने अभ्यासलेला आहे. पनवेल–इंदापूर रस्त्याच्या चौपदरीकरणाला २०११ साली आरंभ झाला. २०२५ चा गणेशोत्सव येऊन गेला, तरी मुंबई–गोवा महामार्ग पुरा झाल्याचे कोणी म्हणू शकत नव्हते. न्यायालयात अर्ज झाले, मुदती दिल्या गेल्या, मुदती सरल्या. चिपळुणात २०२३ च्या ऑक्टोबर महिन्यात बांधकाम चाललेला उड्डाणपूलच ढासळला. याच रस्त्यावर, २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री, महाडजवळ सावित्रीचा ब्रिटिशकालीन दगडी पूल वाहून गेला आणि दोन एस. टी. गाड्या व इतर वाहने प्रवाशांसकट पुरात गेली. त्या पुलाच्या जागी नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि २०१७ चा पावसाळा लागण्यापूर्वी रहदारीस खुला झाला. तेव्हा पैसा नाही, यंत्रे नाहीत, माणसे नाहीत, हे आम्हांस कोणी सांगू नये. समुद्राकाठच्या रेवस–रेड्डी मार्गाची कल्पना बॅ. अंतुले मुख्यमंत्री असतानाची, म्हणजे १९८० नंतरची. खाड्यांवरचे मोठे पूल नाहीत म्हणून तो मार्ग चाळीस वर्षे तुकड्यातुकड्यांनी पडून राहिला.

पण बंधूंनो, महामार्गाच्या या विलंबात एक बाब अशी आहे, की तिचे माप सरकारच्या पदरात टाकून मला मोकळे होता येत नाही.

रस्त्यासाठी जमीन घ्यावी लागते. जमिनीचा मोबदला सातबारावर ज्यांची नावे असतील त्यांना द्यावा लागतो. आणि आपले सातबारे कसे आहेत? पणजोबांच्या नावावरची जमीन, चार आजोबांचे चार वाटे, त्यांतले दोन मुंबईस, एक बडोद्यास, एक घरी. पुढच्या पिढीत वारसांची नोंदच नाही. नोंद केली तर भांडण निघेल, या भीतीने कोणी तलाठ्याकडे गेलाच नाही. (तलाठ्यास आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, कागद तोच.) मग रस्त्याची मोजणी आली, की मुंबईच्या भावाला प्रथमच जमिनीचा पुळका येतो. तो हरकत घेतो. वाद न्यायालयात जातो, मोबदला तेथे अडकून पडतो. गावी राहून ती जमीन कसणाऱ्या भावाच्या हाती ना जमीन ना पैसा, आणि रस्ता त्याच्या अंगणाशी येऊन थांबलेला. कोकणातल्या रखडलेल्या तुकड्यांत असे तुकडे कमी नाहीत. कंत्राटदाराचा दोष आहे, अधिकाऱ्यांचा आहे, हे सारे खरे. परंतु मी हिशेबनीस आहे, आणि खात्यात आपल्या नावावर जी रक्कम पडते ती खोडता येत नाही.

रेल्वेच्या वेळी असे कमी झाले. तेव्हा लोकांनी जमिनी बऱ्याच मनाने दिल्या. माझ्या मामांची आमराई लोहमार्गात गेली. कलमे तोडली तेव्हा मामा घराबाहेर आले नाहीत. पण पहिली गाडी जाणार त्या दिवशी ते पाटाजवळच्या दरडीवर जाऊन बसले, आणि गाडी गेल्यावर मला म्हणाले, "माझ्या झाडांच्या जागेवरनं गेली रे." त्यांच्या सुरात दुःख किती होते आणि अभिमान किती, हे मला आजतागायत उलगडलेले नाही. ती गाडी त्यांच्या गावाला थांबत नाही.

म्हणून या वर्षी मी संस्थेस एक विनंती केली आहे आणि कार्यकारी मंडळाने ती मान्य केली आहे. शिष्यवृत्ती व वधूवर-सूचक या विभागांप्रमाणे आता एक वारसनोंद विभाग राहील. आपल्यातील दोन निवृत्त महसुली कर्मचारी महिन्यातून एका रविवारी या सभागृहात बसतील आणि ज्यांचे सातबारे सामाईक आहेत, त्यांना वारसांची यादी, मृत्यूचे दाखले, फेरफाराचा अर्ज यांत साहाय्य करतील. शुल्क नाही. दुसरे असे, की दुसरा लोहमार्ग, फलाटांची लांबी आणि स्थानक ते गाव या एस. टी. च्या वेळा, या तीन मागण्यांचा अर्ज तयार आहे. प्रत्येक स्थानकाची स्थिती त्यात लिहावयाची आहे, आणि ती मुंबईत बसून लिहिता येत नाही. येत्या मे महिन्यात गावी जाल तेव्हा पावले मोजून फलाटाची लांबी टिपून आणा.

आरंभ मी माझ्या घरापासून केला आहे. आमच्या वाडीतील जमिनीच्या सातबाऱ्यावर तेवीस नावे आहेत. त्यांतली अकरा माणसे हयात नाहीत, आणि त्या अकरांत माझी आजीही आहे. उरलेल्यांपैकी सातजणांचा पत्ता मला ठाऊक आहे, पाचजणांचा नाही. त्या पाच नावांची यादी चिटणिसांकडे दिली असून ती दाराजवळच्या फलकावर लावलेली आहे. भोजनास जाण्यापूर्वी ती सर्वांनी एकवार वाचावी, आणि कोणाला त्यांचा ठावठिकाणा ठाऊक असेल, तर मला सांगावे. मी पहिल्या पंगतीत बसणार नाही. फलकाजवळच उभा राहीन.